पायथनमधलं इम्पोर्ट: कुठल्या गावचा पाटील ते सांगा

संध्याकाळी सहानंतर बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरी चार-पाच पोरं लॅपटॉप घेऊन येतात, कुणी बीसीएला, कुणी डिप्लोमाला, एक तर अजून पीयूसीलाच, म्हंजे अकरावी-बारावीलाच आहे. सगळी मराठी मिडीयमची, आणि वर्गात शिकवणं चालतं इंग्लिशमध्ये, मधी मधी कन्नडमध्ये, त्यामुळं सुरुवातीला एखादी गोष्ट निसटली की पुढं अख्खं सेमिस्टर निसटत जातं. त्यातली सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट म्हंजे इम्पोर्ट. प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीला असतं, फळ्यावरनं उतरून घेतलं जातं, आणि ती ओळ नक्की काय करते हे विचारायचं राहून जातं. परवा एकानं विचारलं, "अक्का, कधी नुसतं इम्पोर्ट, कधी फ्रॉम, कधी ॲज, कधी स्टार, यातलं बरोबर कुठलं? मला कळेना झालंय." त्याला सांगता सांगता दोन तास गेले, म्हटलं हे लिहूनच काढूया, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते. इथं कोडसुद्धा मी देवनागरीत लिहिलंय, वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून. स्क्रीनवर टाइप करताना इम्पोर्ट, फ्रॉम, ॲज, प्रिंट, मॅथ हे सगळं इंग्लिश अक्षरांत, स्मॉल लेटरमध्ये, आणि आकडे पण इंग्लिशच टाका. जिथं उच्चारावरनं स्पेलिंग कळत नाही तिथं मी अक्षरं फोडून सांगते. फाइलच्या नावाच्या शेवटी "पीवाय" दिसेल ती पी आणि वाय ही दोन अक्षरं. आपण स्वतः ठेवलेली नावं, म्हंजे फंक्शनची, व्हेरिएबलची, ती मात्र पायथन ३ मध्ये खरंच देवनागरीत चालतात, घरं नावाचं व्हेरिएबल केलात तर पायथन काही अडवत नाही. घरी शिकताना तसं करा की, समजायला सोपं जातं. लॅबच्या रेकॉर्डला आणि पुढं नोकरीच्या कामाला इंग्लिश अक्षरंच ठेवा, कारण तुमच्यानंतर ती फाइल उघडणारा मराठी वाचणारा असेलच असं नाही.

सुरुवात: मॉड्यूल म्हंजे काय

आधी टर्मिनल उघडा, विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट, आणि टाका:

पायथन --व्हर्जन

विंडोजवर हे चालेना झालं तर नुसतं पी आणि वाय टाकून पुढं --व्हर्जन टाकून बघा. ३ नं सुरू होणारा आकडा आला की झालं. २ नं सुरू होणारा आला तर नवीन पायथन घाला, पायथन २ चा सपोर्ट २०२० च्या सुरुवातीलाच बंद झालाय.

आता मॉड्यूल. नाव मोठं वाटतं पण मॉड्यूल म्हंजे बहुतेक वेळा साधी एक फाइल, ज्यात कुणीतरी फंक्शनं लिहून ठेवलेली असतात. प्रिंट, लेन, सम अशी थोडी फंक्शनं पायथन चालू झालं की हाताशीच असतात, त्यांना इम्पोर्ट लागत नाही. बाकी गणिताची, तारखेची, रँडम आकड्यांची फंक्शनं वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये आहेत, ती पायथनबरोबरच आपल्या मशीनवर येतात, पण मागितल्याशिवाय समोर येत नाहीत. मागायची रीत म्हंजे इम्पोर्ट.

पहिली रीत: नुसतं इम्पोर्ट

गल्लीतल्या गणपती मंडळाचा हिशेब घ्या. खर्च २५,००० रुपये, घरं १४४, घरटी किती पडतात? भागाकार केला तर १७३.६१ येतात, म्हंजे वरचा पूर्ण रुपया घ्यायला पाहिजे. वरचा पूर्णांक काढायचं फंक्शन मॅथ मॉड्यूलमध्ये आहे, त्याचं नाव सील, स्पेलिंग सी-ई-आय-एल.

इम्पोर्ट मॅथ
प्रिंट(मॅथ.सील(२५००० / १४४))

उत्तर १७४.

इथं मधला तो टिंब नीट बघा, कारण इम्पोर्टमधलं सगळं मर्म त्या टिंबात आहे. आपल्याकडं पाटील किती आहेत? येळ्ळूरला पाटील, हलग्याला पाटील, सांबऱ्याला पाटील, कडोलीला पाटील. लग्नाच्या मांडवात कुणी येऊन नुसतं "पाटील आलेत" म्हटलं तर दहा माणसं दाराकडं बघतात. "येळ्ळूरचे पाटील आलेत" म्हटलं की विषय संपला. मॅथ.सील म्हंजे तसंच, मॅथ गावचा सील. उद्या तुम्ही स्वतःचं सील नावाचं फंक्शन लिहिलं तरी भांडण होत नाही, ते तुमच्या घरचं आणि हे मॅथ गावचं, दोघं आपापल्या ठिकाणी सुखानं राहतात.

इम्पोर्ट मॅथ म्हटल्यावर तुमच्या फाइलमध्ये फक्त एकच नवीन नाव येतं, मॅथ. सील येत नाही, गणितातला पाय (पी-आय) येत नाही, वर्गमूळ काढणारं एस-क्यू-आर-टी येत नाही. ती सगळी मॅथच्या आत असतात आणि टिंब देऊनच मिळतात. पोरं हमखास इम्पोर्ट मॅथ लिहून खाली नुसतं सील(...) टाकतात आणि नेम-एरर आला की मॉड्यूलच खराब आहे म्हणतात. मॉड्यूल चांगलं आहे, तुम्ही गावाचं नाव सांगायचं विसरलाय.

नवीन शिकणाऱ्यानं पहिले दोन-तीन महिने हीच रीत वापरावी असं माझं ठाम मत आहे. टाइप थोडं जास्त करावं लागतं, पण प्रत्येक ओळ वाचताना कुठलं फंक्शन कुठनं आलंय ते डोळ्यांसमोर राहतं.

दुसरी रीत: फ्रॉम लावून

फ्रॉम मॅथ इम्पोर्ट सील
प्रिंट(सील(२५००० / १४४))

यात सील हे नाव थेट तुमच्या फाइलमध्ये आलं, टिंबाची गरज नाही. दोन-तीन पाहिजेत तर स्वल्पविराम देऊन एकाच ओळीत मागता येतात, फ्रॉम मॅथ इम्पोर्ट सील, फ्लोर, पाय. एकच फंक्शन प्रोग्रॅममध्ये वीस ठिकाणी लागणार असेल तेव्हा ही रीत बरी पडते.

पण आता मॅथ.सील असं लिहून बघा, नेम-एरर येतो, कारण मॅथ हे नाव तुम्ही मागितलंच नाही. पाटलांना घरी बोलावलं म्हणून अख्खं येळ्ळूर घरात येत नाही.

आणि एक समजूत खोडून काढते, कारण ती मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडनंही ऐकलीय. फ्रॉम लावलं की फक्त तेवढंच फंक्शन लोड होतं, मेमरी वाचते, प्रोग्रॅम फास्ट होतो, असं सांगतात. तसं नाही. मॉड्यूलची फाइल दोन्ही रीतींत पूर्ण वाचली जाते, पहिल्या ओळीपासनं शेवटच्या ओळीपर्यंत चालवली जाते. फरक एवढाच की शेवटी तुमच्या फाइलमध्ये नाव कुठलं ठेवायचं, मॉड्यूलचं की आतल्या फंक्शनचं.

या दोन रीतींतला फरक ज्याला कळला नाही त्याला डेट-टाइम मॉड्यूल फार रडवतं. या मॉड्यूलचं नाव डेटटाइम आणि त्याच्या आत एक क्लास आहे त्याचंही नाव डेटटाइमच. म्हंजे गावाचं नाव आणि पाटलाचं नाव एकच. पोरगं इम्पोर्ट डेटटाइम लिहितं, खाली डेटटाइम.नाव() टाकतं, नाव म्हंजे एन-ओ-डब्ल्यू, आत्ताची वेळ देणारं, आणि एरर येतो की डेटटाइम मॉड्यूलला नाव म्हणून काही नाही. बरोबरच आहे की, तुम्ही गावाला वेळ विचारताय, विचारायची पाटलाला. एक तर

इम्पोर्ट डेटटाइम
प्रिंट(डेटटाइम.डेटटाइम.नाव())

असं लिहा, नाहीतर

फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेटटाइम
प्रिंट(डेटटाइम.नाव())

असं. दोन्ही चालतात. नेटवर एकानं पहिलं लिहिलेलं असतं, दुसऱ्यानं दुसरं, आणि आपण वरची ओळ एकाची आणि खालची दुसऱ्याची चिकटवतो, तिथंच घोळ होतो. म्हणून कुठलंही कोड उतरून घेताना वरची इम्पोर्टची ओळ त्याच्याबरोबर उचला, ती सोडून खालचं उचललं तर काही खरं नाही.

तिसरी रीत: ॲज, म्हंजे टोपणनाव

इम्पोर्ट नमपाय ॲज एनपी
इम्पोर्ट पांडाज ॲज पीडी

नमपाय (एन-यू-एम-पी-वाय) हे आकड्यांच्या कामाचं आणि पांडाज हे तक्त्यांच्या कामाचं, दोन्ही बाहेरनं आणायची मॉड्यूलं. नाव मोठं आहे, सारखं सारखं टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून आपल्या फाइलपुरतं छोटं नाव द्यायचं. आपल्या गावाचं १ नोव्हेंबर २०१४ पासनं कागदावर बेळगावी झालं, घरात आपण बेळगाव म्हणतो, गाव तेच आहे. ॲज मध्येही वस्तू तीच, हाक मारायचं नाव वेगळं. पण एक फरक लक्षात ठेवा. गावाला दोन्ही नावांनी हाक मारलेली चालते, पायथनमध्ये एकदा ॲज एनपी म्हटलं की त्या फाइलमध्ये एनपीच चालतं, नमपाय म्हटलं तर नेम-एरर.

टोपणनाव काय ठेवायचं हे तुमच्या हातात आहे, पायथन काहीही चालवून घेतं, पण नमपायला एनपी, पांडाजला पीडी आणि मॅटप्लॉटलिब.पायप्लॉटला पीएलटी ही नावं सगळ्या जगात रुळलेली आहेत. तीच ठेवा. स्वतःची ठेवलीत तर तुमचं कोड दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं तुम्हाला वाचायला जड जातं. फ्रॉमलाही ॲज लागतं, दोन मॉड्यूलमध्ये एकाच नावाची फंक्शनं असतील तर:

फ्रॉम मॅथ इम्पोर्ट एसक्यूआरटी ॲज साधं_मूळ
फ्रॉम सीमॅथ इम्पोर्ट एसक्यूआरटी ॲज काल्पनिक_मूळ

सीमॅथ हे कॉम्प्लेक्स नंबरचं मॉड्यूल. उणे चारचं वर्गमूळ मॅथला विचारलं तर व्हॅल्यू-एरर, सीमॅथला विचारलं तर उत्तर मिळतं. दोघांची नावं एकच, म्हणून टोपणनावं दिली.

चौथी रीत: स्टार, जी मी पोरांना वापरू देत नाही

फ्रॉम मॅथ इम्पोर्ट *

म्हंजे मॅथमधलं जे जे उघडं आहे ते सगळं माझ्या फाइलमध्ये आणून ओत. अंडरस्कोरनं सुरू होणारी नावं सोडून बाकी सगळं येतं, आणि मॉड्यूल लिहिणाऱ्यानं __ऑल__ नावाची यादी दिली असेल तर त्या यादीतलं तेवढंच येतं. दिसायला सोपं आहे, टिंब नको, गावाचं नाव नको. म्हणूनच तर पोरांना आवडतं.

पण बघा काय होतं. पायथनमध्ये पाव म्हणून, स्पेलिंग पी-ओ-डब्ल्यू, घातांक काढणारं फंक्शन आधीपासनं आहे, इम्पोर्ट न करता मिळणारं. पाव(२, ५) म्हटलं की ३२ येतात, पूर्णांकात. मॅथमध्येही पाव आहे, पण ते उत्तर ३२.० देतं, दशांशात. स्टार लावलं की मॅथचा पाव येऊन आधीच्या पावच्या जागेवर बसतो, न सांगता, काही वॉर्निंग न देता. आधीच्या पावला तीन आकडे देता येतात, पाव(२, ५, १३) म्हंजे ३२ ला १३ नं भागून उरलेली बाकी, उत्तर ६. स्टारनंतर तीच ओळ टाइप-एरर देते. क्रिप्टोग्राफीच्या लॅबला नेमकं हेच लागतं, आणि कालपर्यंत चालणारी ओळ आज का बंद पडली ते शोधत बसावं लागतं, कारण चूक त्या ओळीत नसतेच, ती वर पहिल्या ओळीत असते.

ओएस मॉड्यूलला स्टार लावलं तर याहून वाईट, फाइल उघडायचं नेहमीचं ओपन जातं आणि त्याच्या जागी ओएसचं वेगळंच ओपन बसतं, मग साधी टेक्स्ट फाइल उघडताना एरर. आणि दोन मॉड्यूलना स्टार लावलं तर जे नंतर लिहिलंय त्याची नावं आधीच्यावर चढतात. ओळींची अदलाबदल केली तर प्रोग्रॅमचं उत्तर बदलतं, एवढी ती अवघड गोष्ट आहे.

स्टार अगदी कधीच नको असं नाही. टर्मिनलमध्ये बसून दोन मिनिटं काहीतरी करून बघायचं असेल, टर्टलनं चित्र काढून बघायचं असेल, तर लावा. सेव्ह करायच्या फाइलमध्ये नको. फंक्शनच्या आत तर पायथन ३ स्वतःच लावू देत नाही, सिंटॅक्स-एरर देतं.

आता स्वतःचं मॉड्यूल

इथनं पुढं खरी मजा आहे, कारण दुसऱ्याची मॉड्यूलं वापरणं आणि स्वतःचं करणं यात पायथन काही भेद करत नाही. एक फोल्डर करा, त्यात वर्गणी नावाची फाइल, नाव इंग्लिश अक्षरांत, शेवटी पीवाय. आत लिहा:

डेफ एकूण(यादी):
    रिटर्न सम(यादी)

डेफ घरटी(खर्च, घरं):
    रिटर्न खर्च / घरं

त्याच फोल्डरमध्ये दुसरी फाइल, मुख्य.पीवाय:

इम्पोर्ट वर्गणी
प्रिंट(वर्गणी.एकूण([५०१, २५१, १०१]))

मुख्य चालवा, ८५३ येतात. इम्पोर्ट करताना शेवटचं पीवाय लिहायचं नाही, नुसतं वर्गणी. फाइलच्या नावात स्पेस नको, मधी आडवी रेघ नको, सुरुवातीला आकडा नको, नाहीतर इम्पोर्टची ओळच सिंटॅक्स-एरर देते. दोन शब्द असतील तर मधी अंडरस्कोर.

आता वर्गणीच्या फाइलमध्ये खाली एक प्रिंट टाकून बघा, टेस्ट म्हणून. मुख्य चालवलं की ती टेस्टची ओळ पण छापून येते. का? मघाशी सांगितलं तेच, इम्पोर्ट म्हंजे फाइल वरनं खालपर्यंत चालवणं. टेस्ट ठेवायची पण इम्पोर्ट करताना चालायला नको, तर त्याला ही दोन ओळींची युक्ती:

इफ __नेम__ == "__मेन__":
    प्रिंट(एकूण([१०, २०]))

नेमच्या दोन्ही बाजूला दोन दोन अंडरस्कोर आहेत, मेनच्या पण. फाइल तुम्ही थेट चालवली तर पायथन तिचं नाव __मेन__ ठेवतं, दुसऱ्या कुणी इम्पोर्ट केली तर तिचं स्वतःचं नाव, म्हंजे वर्गणी, ठेवतं. घरात असताना आणि पाहुणे म्हणून गेल्यावर माणूस वेगळा वागतो तसं फाइलला सांगून ठेवलंय. व्हायवाला हा प्रश्न विचारतातच, म्हणून पाठ करू नका, दोन्हीकडनं चालवून __नेम__ प्रिंट करून बघा, एकदा बघितलं की विसरत नाही.

फोल्डरमध्ये __पायकॅश__ नावाचं एक फोल्डर आपोआप तयार झालेलं दिसेल. घाबरू नका, व्हायरस नव्हे, पुढच्या वेळी लवकर लोड व्हावं म्हणून पायथननं तुमच्या मॉड्यूलचं तयार रूप ठेवलंय. डिलीट करून सोडलं तरी परत तयार होतं.

ज्युपिटर वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. एका रनमध्ये मॉड्यूल एकदाच चालवलं जातं, मग तुम्ही दहा वेळा इम्पोर्ट म्हटलं तरी पायथन आधीचंच काढून देतं. त्यामुळं ज्युपिटर चालू असताना वर्गणीच्या फाइलमध्ये काही बदललं आणि परत इम्पोर्टची सेल चालवली तरी जुनंच उत्तर येत राहतं. कर्नल रिस्टार्ट करा, ते सगळ्यात सरळ. इम्पोर्टलिब.रीलोड पण आहे, पण फ्रॉमनं घेतलेली नावं त्यानं आपोआप बदलत नाहीत, नवख्यानं त्याच्या नादी लागू नये.

आपल्याच फाइलनं केलेला घात

हे माझ्याबरोबर झालंय, म्हणून जरा थांबून सांगते. शिकत होते तेव्हा रँडम मॉड्यूलचा सराव करायचा म्हणून फाइल केली आणि तिला नाव ठेवलं रँडम.पीवाय. आत इम्पोर्ट रँडम, खाली रँडम.रँडइंट(१, ६). एरर आला, रँडम मॉड्यूलला रँडइंट नाही. असं कसं नाही? पुस्तकात आहे, नेटवर आहे, शेजारच्या मशीनवर चालतंय, माझ्याच मशीनवर चालेना. पायथन काढून परत घातलं, तरी तेच. अख्खा दिवस गेला त्यात, आणि संध्याकाळी हातात कायच नाही, तेव्हा खरंच वाटलं होतं की हे आपल्याला जमणारं काम नव्हे.

कारण समजून घ्या. इम्पोर्ट म्हटल्यावर पायथन मॉड्यूल शोधायला काही ठरलेल्या जागांवर जातं, आणि जी फाइल तुम्ही चालवलीत तिचं फोल्डर त्या यादीत सगळ्यात पहिलं असतं. पायथनचं खरं रँडम त्या यादीत बरंच खाली. माझ्या फोल्डरमध्ये रँडम नावाची फाइल मिळाली, पायथन खूश, शोध तिथंच थांबला. म्हंजे माझी फाइल स्वतःलाच इम्पोर्ट करत होती, आणि तिच्यात रँडइंट कुठनं असणार? ती यादी बघायची असेल तर:

इम्पोर्ट एसवायएस
प्रिंट(एसवायएस.पाथ)

आणि आलेलं मॉड्यूल नेमकं कुठल्या फाइलमधनं आलंय ते बघायला:

इम्पोर्ट रँडम
प्रिंट(रँडम.__फाइल__)

पत्ता पायथनच्या फोल्डरचा दिसला तर ठीक, तुमच्याच प्रोजेक्टचा दिसला तर चोर सापडला. फाइलचं नाव बदला. पायथन ३.१३ पासनं एररच्या मेसेजमध्येच सांगतात की तुमच्या या फाइलचं नाव बदलून बघा, पण कॉलेजच्या मशीनवर जुनं असेल तर ते दिसणार नाही. रँडम, मॅथ, टोकन, टाइप्स, ईमेल, कॅलेंडर, कोड, स्ट्रिंग, ही नावं आपल्या फाइलला ठेवू नका. नमपाय शिकताना फाइलला नमपाय, पांडाज शिकताना पांडाज असं नाव ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, त्याऐवजी सराव_एक, सराव_दोन असं ठेवा.

बाहेरनं आणलेली मॉड्यूलं

नमपाय, पांडाज ही पायथनबरोबर येत नाहीत, ती पिपनं, म्हंजे बाहेरची मॉड्यूलं आणून बसवणाऱ्या प्रोग्रॅमनं, आणावी लागतात. आणली नाहीत तर मॉड्यूल-नॉट-फाउंड-एरर. टर्मिनलमध्ये, पायथनच्या आत नव्हे:

पायथन -एम पिप इन्स्टॉल नमपाय

पुष्कळ ठिकाणी नुसतं पिप इन्स्टॉल लिहिलेलं असतं, मी मुद्दाम पुढं पायथन -एम लावायला सांगते, कारण मशीनवर दोन पायथन असतील, आणि लॅबच्या मशीनवर असतातच, तर नुसतं पिप एका पायथनमध्ये घालतं आणि तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्या पायथनवर चालतो. "अक्का, इन्स्टॉल झालंय म्हणतंय आणि इम्पोर्ट होईना" असं कुणी म्हटलं की दहातल्या बहुतेक वेळा हेच असतं. ज्या पायथननं प्रोग्रॅम चालवता त्याच्याच तोंडून पिप चालवा. विंडोजवर पायथनऐवजी पीवाय वापरत असाल तर तेच दोन्हीकडं वापरा.

नवीन उबुंटूवर असं थेट इन्स्टॉल करू देत नाहीत, एक्स्टर्नली मॅनेज्ड म्हणून एरर येतो. तिथं आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हंजे त्या प्रोजेक्टपुरती मॉड्यूलं ठेवायची वेगळी जागा, करायचं, पायथन -एम व्हेन्व्ह (स्पेलिंग व्ही-ई-एन-व्ही) आणि पुढं फोल्डरचं नाव, मग ते ॲक्टिव्हेट करून आत पिप. खरं तर विंडोजवरही प्रत्येक प्रोजेक्टला हेच करणं चांगलं.

अजून एक खड्डा. इन्स्टॉल करायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव कधी कधी वेगळं असतं. फोटोचं काम करणारं पिलो इन्स्टॉल करायचं पण इम्पोर्ट करायचं पी-आय-एल, तिन्ही कॅपिटल. ओपनसीव्ही-पायथन इन्स्टॉल, इम्पोर्ट मात्र सीव्ही२. सायकिट-लर्न इन्स्टॉल, इम्पोर्ट एसकेलर्न. ब्युटिफुलसूप४ इन्स्टॉल, इम्पोर्ट बीएस४. सातबाऱ्यावर एक नाव आणि गल्लीत दुसरं नाव असलेली माणसं आपल्याकडं कमी नाहीत, तसंच हे. लायब्ररीच्या पानावर इम्पोर्टची ओळ दिलेली असते, ती बघूनच लिहा.

फाइली वाढल्या की फोल्डर

मंडळाच्या हिशेबात वर्गणी, खर्च, पावती अशा तीन-चार फाइली झाल्या की त्या मंडळ नावाच्या एका फोल्डरमध्ये टाका आणि त्यात __इनिट__.पीवाय नावाची रिकामी फाइल ठेवा. याला पॅकेज म्हणतात. पायथन ३.३ पासनं ती रिकामी फाइल नसली तरी फोल्डर इम्पोर्ट होतं, तरी ठेवाच, हे पॅकेज आहे ते बघणाऱ्याला लगेच कळतं. बाहेरच्या मुख्य फाइलमधनं:

फ्रॉम मंडळ इम्पोर्ट वर्गणी
फ्रॉम मंडळ.पावती इम्पोर्ट छाप

पॅकेजच्या आतल्या फाइलींनी एकमेकींना बोलवायला एक टिंबाची रीत आहे, फ्रॉम . इम्पोर्ट वर्गणी, म्हंजे माझ्याच फोल्डरमधली वर्गणी. पण ती फाइल थेट चालवली तर रिलेटिव्ह इम्पोर्टचा एरर येतो, कारण थेट चालवल्यावर तिला आपण कुठल्या पॅकेजमधले हेच माहीत नसतं. मंडळ फोल्डरच्या बाहेर येऊन पायथन -एम मंडळ.पावती असं चालवा, पीवाय न लावता, म्हंजे होतं. नवीन असाल तर टिंब सोडा, पूर्ण नावच लिहा.

आणि पावतीनं वर्गणीकडनं काही फ्रॉम लावून घ्यायचं, वर्गणीनं उलट पावतीकडनं घ्यायचं, असं करू नका. पायथन पावती वाचायला घेतं, तिथं वर्गणीची ओळ दिसते म्हणून वर्गणी वाचायला जातं, तिथं पावतीची ओळ, पण पावती अजून अर्धीच वाचून झालीय, तिच्यातलं फंक्शन अजून तयारच नाही. मग "पार्शियली इनिशियलाइज्ड" असे शब्द असलेला इम्पोर्ट-एरर येतो. दोघींना लागणारं फंक्शन तिसऱ्या फाइलमध्ये काढून ठेवा आणि दोघींनी तिथनं घ्यावं.

ओळी लिहायची पद्धत सांगायची तर सगळी इम्पोर्टं फाइलच्या वर, एका ओळीत एक मॉड्यूल, आधी पायथनची स्वतःची, मग पिपनं आणलेली, मग आपली, आणि या तीन गटांमध्ये एक एक ओळ मोकळी. पायथनवाल्यांच्या पेप ८ मध्ये, म्हंजे कोड कसं लिहावं याच्या त्यांच्या नियमावलीत, हेच सांगितलंय.

आता जे पोरगं किंवा पोरगी इथपर्यंत वाचत आलीय त्यांनी एक काम करा. गेल्या सेमिस्टरचा स्टार लावलेला एखादा लॅब प्रोग्रॅम उघडा, स्टारची ओळ काढून सोडा आणि प्रोग्रॅम चालवा. नेम-एररमध्ये एक नाव येईल, ते कुठल्या मॉड्यूलचं ते शोधा, वर फ्रॉम लावून तेवढंच लिहा, परत चालवा, पुढचं नाव येईल. एरर यायचे थांबेपर्यंत असं करत जा, अर्ध्या तासाचं काम आहे. मधी कुठं अडलात तर रँडमसारखं __फाइल__ प्रिंट करून बघा. आमच्या इथल्या पोरांनी शुक्रवारी यायच्या आधी एक एक प्रोग्रॅम असा करून आणायचाय, फाइलचं नाव मॅथ न ठेवता.